दोन चुली, एक घर

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. दोन गीतं, वचन, प्रार्थना आणि मग चहा. गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी त्यात एक भर घातली. या आठवड्यात देव आपल्या घरात कुठं काम करताना दिसला, ते प्रत्येकीनं सांगायचं. पहिल्या बुधवारी एकीच्या नातवाचा ताप उतरला होता, दुसरीच्या मुलाला कंपनीत लागल्याचं पत्र आलं होतं. तिसऱ्या बुधवारी सगळ्या माना खाली. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं तर भांडणं सोडली तर काहीच घडलं नाही बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना वाटलं, आपण देवाला फक्त ताप उतरल्यावर आणि पत्र आल्यावरच ओळखणार असू, तर उरलेले दिवस कुणाच्या खात्यावर मांडायचे?

म्हणून पुढच्या सभेसाठी मी एक प्रकरण मांडलं. घर आपल्याच गावाशी बांधलेलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं: कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं. नगरच्या ख्रिस्ती माणसाला (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते) टिळकांची गोष्ट रविवारच्या शाळेपासून पाठ असते. मला त्या गोष्टीचा एकच तुकडा घ्यायचा होता, 1895 ते 1900 ही पाच वर्षं. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली ब्राह्मण, आणि मध्ये एक लहान मुलगा.

पाठ असलेला भाग आधी उरकते. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं कवितेवरून धर्मावर आलं. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथं अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. प्रवचनाला याहून सोयीची गोष्ट मिळणं कठीण. अनोळखी प्रवासी, भविष्यवाणी, पुस्तक, आणि ठरल्या मुदतीत फळ. आमच्याकडं साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलेला माणूस नकळत याच साच्यात बोलतो: आधी अंधार होता, मग अमुक तारीख, मग उजेड.

आता त्याच तारखेला दुसऱ्या टोकाला काय झालं ते पाहू. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. वय सव्वीस. मुलगा दत्तू चारएक वर्षांचा, आणि त्याआधीची मुलं गेलेली. नवऱ्याच्या मनात काय शिजतंय याची कुणकुण असली, तरी त्यानं हे पाऊल उचललं ते बायकोला विश्वासात घेऊन नव्हे. बातमी घरात आली ती एखाद्या मरणाची यावी तशी. त्या काळी ब्राह्मण घरातला माणूस ख्रिस्ती होणं म्हणजे जातीपुरतं मरणंच. फरक एवढाच की विधवेला निदान आपण विधवा झालो हे तरी ठाऊक असतं. या बाईच्या कपाळाचं कुंकू कायम होतं, आणि ज्याच्या नावाचं ते लावायचं त्याच्या हातचं पाणी मात्र चालणार नव्हतं.

इथं मी सभेत थांबले आणि विचारलं, "टिळकांचं हे वागणं बरोबर होतं का?" बराच वेळ कुणी बोललं नाही. आम्हाला टिळकांवर बोट ठेवायची सवय नाही. त्यांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. मग एका तरुण मुलीनं म्हटलं, "सांगायला हवं होतं त्यांनी." माझंही मत तेच. देवाचं बोलावणं खरं होतं असं मानलं, तरी बायकोला अंधारात ठेवणं हा त्या बोलावण्याचा भाग नव्हता. तो टिळकांच्या स्वभावाचा भाग होता. न सांगता घरातून निघून जायची खोड त्यांना ख्रिस्ती व्हायच्या कितीतरी आधीपासून होती. माणूस देवाकडं येताना आपल्या खोडी दाराबाहेर काढून ठेवत नाही. मंडळीच्या इतिहासात हे लिहिलं जात नाही म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

लक्ष्मीबाई कुठल्या घरातून आल्या होत्या तेही लक्षात घ्यायला हवं. माहेर नाशिकजवळचं जलालपूर, गोदावरीकाठचं. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. घरातल्या बायकांचे हात दिवसभर ओलेच. अशा घरातल्या मुलीला विटाळ हा शब्द पुस्तकातून कळत नाही, तो अंगात मुरतो. पुढं त्यांच्यात जो बदल झाला तो या मुरलेल्या गोष्टीत झाला, म्हणून तो मला रेल्वेच्या डब्यातल्या बदलापेक्षा मोठा वाटतो. टिळक विचार करून बदलले. विचार बदलतात. एखाद्याच्या तांब्यातलं पाणी पाहून घशात जे आकसतं, ते बदलायला जास्त दिवस लागतात.

बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ नवरा-बायको वेगळे राहिले. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये, मिशनरी डॉ. ह्यूम यांच्या सोबतीनं काम करत होते, धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन मुख्यतः पंढरपुरात बहीण-मेहुण्यांकडं राहिल्या. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. नवरा बाटला, अशी बाई आणि तिचं पोर घरात ठेवून घेणं त्या काळी सोपं नव्हतं. जातीतली माणसं बोट दाखवणार, सोयरिकी अडणार. तरी त्या घरानं त्यांना ताट वाढलं, एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. आमच्या सभेत मी विचारलं की या पाच वर्षांत देव कुठं काम करत होता, तेव्हा सगळ्यांनी नगरकडं, टिळकांकडं, मिशनकडं बोट दाखवलं. पंढरपूरच्या स्वयंपाकघराचं नाव कुणीच घेतलं नाही. ते विठ्ठलाच्या गावातलं घर होतं, ख्रिस्ती नव्हतं, म्हणून आमच्या हिशेबात ते बसतच नाही. पण त्या ताटांशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

पंढरपूरचं आणखी एक. महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्या समोरच चोखोबाची समाधी. आत जाऊ न दिलेल्या भक्ताची समाधी देवाच्या दाराशी. ते देऊळ दलितांना खुलं झालं 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. लक्ष्मीबाई तिथं राहिल्या त्याच्या पन्नास वर्षं पुढं. ती समाधी पाहून त्यांच्या मनात काही आलं असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नानं पुढं त्यांचं आयुष्य बदललं, तो प्रश्न त्या दारासमोर दगडाच्या रूपात आधीच मांडून ठेवलेला होता, एवढं खरं.

याच काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. अक्षरओळख झालेली ती नवऱ्याच्याच शिकवण्यातून, लग्नानंतर. ज्यानं अक्षरं दिली त्याच्याच विरहाचं दुःख त्या अक्षरांत उतरलं. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, पण त्यावर फार बोलणार नाही.

कायद्याचं एक कलम इथं सांगायला हवं, कारण ते कळलं की टिळकांच्या दुसऱ्या बाजूला न्याय मिळतो. 1866 साली सरकारनं एक कायदा केला होता. हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि धर्मबदलामुळं जोडीदारानं सलग सहा महिने त्याला सोडलं, तर त्याला कोर्टात जाता येई. कोर्ट जोडीदाराला बोलावून विचारी, वर्षभराची मुदत देई, आणि तरीही नकार असला तर लग्न मोडून देई. मग दुसरं लग्न करायला मोकळीक. टिळक तेव्हा चौतिशीतले, नाव झालेले कवी, मिशनमध्ये मान. वाट उघडी होती. ते त्या वाटेनं गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, भेटायला गेले, बोलणी खाल्ली, परत आले. बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना लिहिलंय, विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल तर तिला सोडू नये. इथं तर ती राजीही नव्हती. तरी त्यांनी सोडलं नाही. न सांगता बाप्तिस्मा घेणारा आणि चार वर्षं वाट पाहणारा माणूस एकच होता. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात घालून हिशेब काढायचा मोह मी टाळते.

आता मुख्य भाग. काही वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांबरोबर राहायला आल्या. ख्रिस्ती व्हायला नाही, नांदायला. अट ठरलेली: सोवळं त्यांचं त्यांच्याकडं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका घरात दोन चुली. डोळ्यांसमोर आणून पाहा. नवरा एका बाजूला जेवतोय, बायको दुसऱ्या बाजूला. मधून जाताना पदर सावरून घ्यायचा. मुलगा दोन्हीकडं हिंडणारा. ज्याच्याशी संसार करायचा त्याच्याच हाताचा विटाळ. टिळकांचा राग प्रसिद्ध होता आणि लक्ष्मीबाईंची जीभही काही कमी नव्हती, त्यामुळं हे घर शांत असेल असं समजायचं कारण नाही.

पण या मांडणीत एक गोष्ट होती. टिळकांनी त्यांच्या चुलीला हात लावला नाही. "आता माझ्या घरात आहेस तर माझ्यासारखी राहा," हे वाक्य त्या घरात चाललं नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे अवघड जातं. आपल्याला जे कळलं ते घरातल्या माणसाला आजच्या आज कळलं पाहिजे, अशी घाई असते. माझ्या ओळखीतल्या एका घरात नव्यानं विश्वासात आलेल्या नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात बायकोचा देव्हारा उचलून बाहेर ठेवला. ती बाई आजही मंडळीच्या दारापर्यंत येते आणि चपला न काढता परत जाते.

मग 1900. लक्ष्मीबाईंनी पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की एक दिवस एकट्या असताना त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: ही जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर माणसामाणसांत काही ओळखू येण्यासारखा फरक त्यानं ठेवला असता. जनावराजनावरांत ठेवलाय, झाडाझाडांत ठेवलाय. माणसांत तो दिसत नाही. जन्म तसाच, मरण तसंच, रक्त तेच, राग-लोभ तेच. म्हणजे हे माणसाचंच काम. आणि माणसाचं काम असेल तर मोडायला हरकत काय? ठरलं. आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं.

या प्रसंगात काय नाही ते पाहा. मिशनरी नाही, पुस्तक देणारा नाही, भविष्यवाणी नाही. नवराही नाही. घरातली एक बाई, आणि तिचा तिनंच चालवलेला विचार. ख्रिस्ती शिकवणीतलं एकही वचन त्या क्षणी पुढं येत नाही. आधी पाण्याचा प्रश्न सुटला, मग बाप्तिस्मा, त्याच साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं उलटा क्रम गृहीत धरतात, आधी नाव दाखल आणि मग जमलं तर वागणूक. नगर जिल्ह्यात मंडळ्या शंभर-दीडशे वर्षांच्या झाल्या, तरी लग्नाच्या बैठकीत "मूळचे कुठले?" हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि त्या प्रश्नाचा अर्थ गाव असा नसतो. ज्यांचा बाप्तिस्मा पाळण्यातच झाला त्यांच्यापैकी कितीजण लक्ष्मीबाईंच्या त्या एका दुपारपर्यंत पोचलेत, याची मला शंका आहे. मी स्वतःलाही त्यात धरते. धाकट्या दिराच्या लग्नात मी तो प्रश्न विचारला होता.

सभेत इथं एकीनं चांगला आक्षेप घेतला. म्हणाली, "मग यात देव कुठंय? त्यांनी डोकं चालवलं, एवढंच ना?" प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. मी जे म्हटलं ते असं. पाच वर्षांत त्या बाईभोवती काय काय गोळा झालं होतं ते मोजा. सोडून न देणारा नवरा. ताट न अडवणारी बहीण. दोन्ही चुलींवर जेवणारं पोर, ज्याला विटाळ कळत नाही. भोवती नगरच्या मिशनच्या आवारातली माणसं, बहुतेक महार-मांग समाजातून आलेली, ज्यांच्यापासून पदर सावरायचा आणि जी रोज दिसायची, आजारी पडायची, हसायची, रडायची, अगदी आपल्यासारखीच. प्रश्न डोक्यात अचानक आला असेल, पण त्याला लागणारी माती वर्षानुवर्षं पडत होती. ती माती कुणी टाकली, याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं. मी माझं देते. तिचं मात्र पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही, आणि ते मला बरं वाटलं.

त्यानंतर त्या घराचं काय झालं? 1899-1900 चा दुष्काळ चालू होता. टिळकांच्या घरात अनाथ मुलं येऊ लागली. कुणाचं पोर, कुठल्या जातीचं, हे विचारायचं कारण उरलं नव्हतं. पैसा कधीच पुरला नाही. टिळकांच्या हातात रुपया टिकत नसे, त्यामुळं डाळ-तांदळाची काळजी लक्ष्मीबाईंनीच करायची. थोड्याच काळापूर्वी जिच्या स्वयंपाकघरात नवऱ्याला पाय ठेवता येत नव्हता, तिच्या पंगतीला आता दुष्काळातली पोरं. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाही, या पंगतीत आहे.

टिळकांवरही त्या दोन चुलींचा वास राहिला असावा, असं मला वाटतं. 1904 साली त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. पण मंडळीच्या चौकटीत ते कधी पुरते मावले नाहीत. परदेशी चालीवर मराठी शब्द कोंबलेली गीतं त्यांना सोसवत नसत. ओवी, अभंग, साकी, कीर्तन, सगळं त्यांनी उपासनेत आणलं. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. लक्ष्मीबाईही कीर्तनं करू लागल्या. बाईमाणूस उभं राहून कीर्तन करतंय हे पाहायला गर्दी होत असणार. आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. मिशनच्या लोकांना हे विचित्र वाटलं. मला वाटत नाही. ज्यानं बाप्तिस्मा न घेतलेल्या बायकोबरोबर एका छपराखाली संसार केला, त्याला अशा दरबाराचा नकाशा कुठून मिळाला हे शोधायला लांब जावं लागत नाही.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं, ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि स्वतःच्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली आला तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या, शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. ते पुस्तक मराठी घरांत धर्म न विचारता वाचलं जातं. त्यात देवाचं नाव घेऊन केलेला उपदेश शोधू गेलात तर फारसा सापडणार नाही. भांडणं भरपूर सापडतील. आमच्या मावशींना मी तेच सांगितलं.

त्या बुधवारी सभा नेहमीपेक्षा अर्धा तास लांबली आणि चहा दोनदा झाला. त्यानंतर तीन आठवडे मावशी काही बोलल्या नाहीत. चौथ्या बुधवारी त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या की सुनेशी आठ दिवस अबोला होता. कारण मीठ. भाजीत मीठ कमी पडलं यावरून बोलणं वाढलं आणि मग दोघींनी तोंडं फिरवली. नवव्या दिवशी पहाटे त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या तर ओट्यावर त्यांचा चहा ठेवलेला, वर ताटली झाकलेली, आणि सून मागल्या दारी कपडे धूत होती. त्यांनी तो चहा प्यायला. बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

"आता हे साक्षीत धरायचं का नाही?" मावशींनी विचारलं.

पाळकसाहेबांकडं एक वही असते, तिच्यात ते दर आठवड्याच्या साक्षी लिहितात, पुढं उपकारस्तुतीच्या सभेत वाचायला. त्यांनी क्षणभर पेन हातात धरून ठेवलं. मग मान खाली घालून लिहायला लागले. मला शेजारून दिसत होतं, त्यांनी मिठाबद्दलही लिहिलं होतं.